ऑफिस सुटल्यावर वॉल्ट्झ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फोर्टमधल्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे, राहते डोंबिवलीत, वय ४७. तीन वर्षांपूर्वी दादर पश्चिमेच्या एका हॉलमध्ये बॉलरूम शिकायला लागले. तेव्हापासून गाडीतल्या मैत्रिणी, ऑफिसातली मंडळी, सोसायटीतल्या काकू आणि वर्षानुवर्षं न बोललेल्या आतेबहिणीसुद्धा मेसेज करून तेच तेच विचारतात. प्रत्येकीला नव्याने टाइप करून अंगठा दुखायला लागला, म्हणून उत्तरं एका जागी लिहिली. मी शिक्षिका नाही. आठवड्यातून दोनदा नियमित चुका करणारी विद्यार्थिनी आहे, तेवढ्याच अधिकाराने हे वाचा.

१. बॉलरूम म्हणजे नक्की काय? सालसा, झुंबा त्यातच येतं ना?

यातला बॉल चेंडूचा नव्हे. लॅटिन भाषेत ‘बालारे’ म्हणजे नाचणे. त्यावरून नाचाचा समारंभ तो बॉल, आणि त्याचं दालन ते बॉलरूम. जोडीने नाचायचे हे नाच. आज स्पर्धांच्या हिशेबाने ते दहा आहेत. पाच ‘स्टँडर्ड’: वॉल्ट्झ, टँगो, व्हिएनीज वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट, क्विकस्टेप. पाच ‘लॅटिन’: सांबा, चा-चा-चा, रुंबा, पासो डोब्ले, जाइव्ह. यातला जाइव्ह मुळात अमेरिकेतल्या स्विंग नाचांमधून आला आणि पासो डोब्लेचं संगीत स्पेनचं, तरी दोघांना लॅटिनच्या खात्यात टाकलंय. चुकीच्या हेडखाली टाकलेली नोंद अकाउंट्सवालीला लगेच खुपते, पण आता ते तसंच चालू आहे.

सालसा आणि बचाटा जोडीचेच नाच, पण या दहांत नाहीत. अर्जेंटिनाचा टँगो आणि बॉलरूमचा टँगो हे नावाने भाऊ, स्वभावाने वेगळे. झुंबा हा व्यायाम आहे. त्यात जोडीदार नसतो, त्यामुळे पुढचे निम्मे प्रश्नच उद्भवत नाहीत.

२. हे गोऱ्यांचं खूळ. मराठी माणसाचा याच्याशी काय संबंध?

हा प्रश्न वसईच्या माणसाला विचारून बघा. वसईतले ख्रिस्ती आणि मुंबईतले ईस्ट इंडियन, म्हणजे इथलेच मूळचे ख्रिस्ती, घरात मराठीच्या आपापल्या बोली बोलतात, आणि त्यांच्या लग्नात बँडच्या तालावर वॉल्ट्झ आणि जाइव्ह नाचले जातात. माझ्या शेजारच्या टेबलावरची वसईची मैत्रीण दहाव्या वर्षी मामाच्या बुटांवर पाय ठेवून वॉल्ट्झ शिकली. तिच्या लेखी हे रोटी-साखरेइतकं घरचं.

शहराचाही जुना संबंध आहे. ताजमहाल हॉटेल १९०३ साली उघडलं. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी हा आफ्रिकी-अमेरिकी वादक आपला जॅझ बँड घेऊन तिथे वाजवायला आला. पुढे गोव्याच्या वादकांनी ते संगीत उचललं. रात्री हॉटेलात नाचाला वाजवणारी यातली बरीच मंडळी दिवसा हिंदी चित्रपटांच्या स्टुडिओत बसायची. म्हणजे ज्या सुरावटींवर आपले आईवडील रेडिओशी डोकं लावून बसले, त्या वाजवणारे हात नाचाच्या दालनातून आलेले होते.

आणि जोडीने, एकमेकींच्या वजनाचा अंदाज घेत गोल फिरणं आपल्याला नवीन कुठे आहे? फुगडी घालताना समोरचीने हात सैल सोडला तर काय होतं ते प्रत्येकीला माहीत आहे. नाचताना दोघांच्या हातांची जी चौकट धरतात ती फ्रेम म्हणजे तेच, फक्त कमी वेगात.

३. माझं वय ४५ च्या पुढे आहे, आयुष्यात कधी नाचले नाही. जमेल का?

जमेल, पण पहिल्या दिवशी तुम्हाला चालता येत नाही असं कळेल. मला कळलं. आपण चालताना वजन दोन्ही पायांमध्ये कुठेतरी लोंबकळत ठेवतो. इथे ते पूर्ण एका पायावर घ्यायचं आणि मग पूर्ण दुसऱ्यावर. वॉल्ट्झमध्ये पुढे जाताना टाच आधी टेकते, मागे जाताना पायाची बोटं आधी. चाळीस वर्षांची सवय मोडायला मला दोन महिने लागले.

आमच्या बॅचमधले सर्वांत ज्येष्ठ गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले, ६८ वर्षांचे. तेच सर्वांत लवकर शिकले, कारण त्यांना कसलीच घाई नव्हती. सर्वांत उशिरा शिकले ते दोन तिशीतले आयटीवाले. त्यांना तिसऱ्या दिवशीच टर्न हवे होते.

गुडघे किंवा रक्तदाब असेल तर प्रश्न १४ पाहा.

४. ऑफिसच्या कंटाळ्यावर याने खरंच काही होतं, की तेवढाच एक तास बरा जातो?

सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न. माझ्यापुरतं सांगते.

एकवीस वर्षं एकाच खात्यात काढलेली. सकाळी ९.४० ला खुर्चीत बसलं की संध्याकाळी ६.१५ पर्यंत काय होणार ते मला ठाऊक असायचं, अगदी कोण कुठल्या शब्दांत उशिराचं कारण सांगणार इथपर्यंत. दुःख म्हणावं असं काही नव्हतं. पगार वेळेवर, माणसं बरी. पण बँक रिकन्सिलिएशन, म्हणजे आमची वही बँकेच्या नोंदींशी जुळवणं, मी डोळे मिटून करत होते, आणि इतर वेळीही डोळे मिटलेलेच असायचे. घरी आलं की मालिका, तिच्यातही पुढे काय होणार ते माहीत.

मग वसईच्या मैत्रिणीच्या भाचीचं लग्न आलं. रिसेप्शनला तिचे एक वयस्क काका माझ्यासमोर येऊन हात पुढे करून उभे राहिले. मी प्लेट दाखवली, म्हणजे जेवतेय असं. प्लेटमध्ये एक वडा उरला होता. काका हसून पुढच्या खुर्चीकडे गेले, तिथली बाई उठली, आणि मी तो वडा चावत दोघांना बघत बसले. परतीच्या गाडीत दिवा स्टेशनपर्यंत तोच वडा डोक्यात. तीन आठवड्यांनी क्लासला नाव घातलं.

तिथे पहिल्याच तासाला सर म्हणाले, ‘‘चुकलं, पुन्हा.’’ एकवीस वर्षांत मला असं कुणी म्हटलं नव्हतं. ऑफिसात माझं चुकत नाही, कारण नवीन काही करायलाच लागत नाही. त्या दिवशी चौदा वेळा चुकलं आणि दादरच्या पुलावरून उतरताना मला भूक लागली होती, शाळेतून आल्यावर लागायची तशी.

नाचताना पुढच्या क्षणी काय होणार ते ठाऊक नसतं. समोरच्याने वजन कुठल्या पायावर घेतलं ते आत्ता, याच मात्रेला समजायला हवं. मध्येच एखाद्या व्हेंडरचं थकलेलं बिल आठवलं की पाय समोरच्याच्या बुटावर पडतो. पावती लगेच मिळते.

सोमवारचं ऑफिस तसंच आहे, मार्चअखेर तशीच. मी मात्र माणसांकडे बघायला लागले. आमचे साहेब वाईट बातमी सांगायच्या आधी किंचित टाचांवर जातात, हे वीस वर्षं माझ्यासमोर घडत होतं आणि मला दिसलं नव्हतं. आता बोनसचं काय होणार ते ते तोंड उघडायच्या आधी कळतं.

एक गोष्ट क्लासवाले सांगत नाहीत, ती मी सांगते. पाचव्या-सहाव्या महिन्यात नाचाचाही कंटाळा येतो. बेसिक येतं, पुढचं येत नाही, तेच कोपरे, तीच गाणी. आमच्या बॅचमधले निम्मे तिथे गळाले. मीही दोन आठवडे दांडी मारली. परत गेले ती तिमाहीची फी भरली होती म्हणून. याहून उदात्त कारण नव्हतं.

आणि सकाळी उठावंसंच वाटत नसेल, झोप-जेवण उडालं असेल, तर त्याला कंटाळा म्हणू नका. आधी डॉक्टरांकडे जा. क्लास कुठे पळत नाही.

५. मला ताल कळत नाही. तीन मोजायचे म्हणजे कसे?

भजनी मंडळात टाळ धरला असेल तर तुम्हाला ताल कळतो, फक्त तो पायात उतरलेला नाही. वॉल्ट्झ तीन मात्रांचा, मिनिटाला साधारण ८४ ते ९० ठोके. दर तीनातला पहिला जड. मी ते तबल्याच्या दादरा तालावर बसवलं: धा धी ना, धा ती ना. पहिल्या तीनात एका दिशेला, पुढच्या तीनात उलट, म्हणजे खालीला, जिथे टाळी देत नाहीत त्या चौथ्या मात्रेला, दिशा बदलते. सरांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले की वॉल्ट्झमध्ये खाली-भरी असं काही नसतं. नसेल. पण कुठला पाय टाकायचा ते मला त्यावरूनच लक्षात राहिलं.

चा-चा-चा आणि रुंबा चार मात्रांचे, आणि तिथे आपला कान दगा देतो. आपल्याला समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, पडायची खोड. चा-चा-चाचं मुख्य पाऊल मात्र दुसऱ्या मात्रेवर पडतं. मोजणी अशी: दोन, तीन, चार-आणि-एक. पहिले दोन महिने मी एकवर उडी मारून सगळ्यांच्या आधी पोचत होते.

मोजताना ओठ हलले तरी चालतात. मराठीत मोजलं तरी चालतं.

६. पहिल्या दिवशी काय शिकवतात?

बहुतेक ठिकाणी वॉल्ट्झचा बॉक्स स्टेप. घरात दोन बाय दोन फुटांची टाइल असेल तर ती तुमची वही. फॉलो करणाऱ्या, म्हणजे समोरच्याच्या इशाऱ्याने जाणाऱ्या, व्यक्तीने टाइलच्या एका कोपऱ्यावर पाय जुळवून उभं राहायचं, अख्खी टाइल आपल्या मागे आणि डावीकडे येईल असं. उजवा पाय मागे, डावा डावीकडे, उजवा त्याच्याजवळ. मग डावा पुढे, उजवा उजवीकडे, डावा जवळ. चार कोपरे झाले, तुम्ही मूळ जागी. लीड करणाऱ्याचं, म्हणजे इशारा देणाऱ्याचं, याच्या बरोबर उलट: तो डाव्या पायाने पुढे निघतो.

प्रत्येक वेळी ‘जवळ’ घेतलेल्या पायावर वजन आलं पाहिजे. नव्वद टक्के गोंधळ इथे होतो. वजन आलं नाही तर पुढचा कुठला पाय मोकळा आहे तेच कळत नाही आणि दोघं एकाच पायासाठी भांडत बसता.

७. जोडीदार लागतोच का? आमचे हे यायला तयार नाहीत.

नाही लागत. गट-बॅचमध्ये दर काही मिनिटांनी जोडीदार बदलतात, त्याला रोटेशन म्हणतात. एकटं आलेल्यांचा शिकण्याचा वेग उलट बरा असतो, कारण दहा वेगवेगळ्या माणसांच्या दहा वेगळ्या चुका झेलाव्या लागतात. नवरा-बायको एकत्र आले की एकाची चूक दुसरा लगेच घरच्या जुन्या हिशेबाला जोडतो. हे मी अनेकदा पाहिलंय.

नाव घालण्यापूर्वी मात्र विचारा: तुमच्याकडे रोटेशन असतं का? काही ठिकाणी फक्त जोड्याच घेतात. आमच्या ह्यांचं काय झालं ते शेवटच्या प्रश्नात.

८. परक्या पुरुषाच्या इतक्या जवळ उभं राहायला अवघड वाटत नाही?

पहिल्या दिवशी वाटलं. पण तुम्ही ५.५३ च्या गाडीला कुर्ल्याला चढलेल्या असाल तर जवळ म्हणजे काय ते तुम्हाला शिकवायला नको.

होल्डची, म्हणजे एकमेकांना धरण्याची, रचना ठरलेली असते. लीड करणाऱ्याचा उजवा हात तुमच्या डाव्या खांद्याच्या पात्यावर, पाठीवर. तुमचा डावा हात त्याच्या दंडावर. दुसरे हात एकमेकांत, साधारण डोळ्यांच्या उंचीला. नवख्यांच्या बॅचमध्ये मधे चांगलं वीतभर अंतर ठेवतात. हात पात्यावरून खाली सरकत असेल तर तो तंत्राचाच दोष आहे. मोठ्याने म्हणायचं, ‘‘सर, यांचा हात खाली येतोय.’’ एकदा सगळ्यांसमोर म्हटलं की पुन्हा म्हणावं लागत नाही. त्यानंतरही त्रास झाला तर बॅच सोडा, पैसे गेले तरी.

तुमच्या सासूबाईंना धक्का बसला असेल तर सांगा की लंडनलाही बसला होता. १८१६ साली राजवाड्यातल्या बॉलमध्ये वॉल्ट्झ नाचला गेला तेव्हा ‘टाइम्स’ने जाहीर नाराजी छापली होती.

घामाचं: रुमाल दोन, जादा कुर्ता एक, पुदिन्याच्या गोळ्या. डब्यात कांदा-लसणाची चटणी क्लासच्या दिवशी नको.

९. म्हणजे पुरुष ओढणार आणि बाईने मागे मागे जायचं? हे कसलं शिक्षण?

मीही सरांशी यावरून वाद घातला होता. मग फॉलो करता करता कळलं की ओढल्याने कुणी हलत नाही, नुसता दंड दुखतो. लीड करणारा आधी स्वतःचं वजन हलवतो. ते फ्रेममधून तुम्हाला पोचतं. तुम्ही पाऊल पूर्ण करता, आणि ते केवढं असेल हे तुम्ही ठरवता. फॉलो करणारी थोडी आधी निघाली तर लीडला तिच्यामागे धावावं लागतं. मी बरेच महिने हेच करत होते. ऑफिसात समोरच्याचं वाक्य मीच पूर्ण करते, ती सवय इथे पायात आली होती.

शिवाय लीड पुरुषानेच करायचं असा सामाजिक नाचात नियम नाही. आमच्या दुसऱ्या बॅचला अकरा बायका आणि चार पुरुष होते, म्हणून आम्ही तिघी लीड शिकलो. लीड करताना माझा सगळा सूड उतरला: समोरची आधीच निघून गेली की कसं वाटतं ते कळलं. दोन्ही शिकायचं असेल तर आधी एक पक्कं करा, किमान सहा महिने; नाहीतर ऐन वेळी दोन्ही पाय एकदम निघतात.

१०. कुठला नाच आधी शिकावा?

वॉल्ट्झ, आणि त्याच्या जोडीला चा-चा-चा किंवा जाइव्ह. वॉल्ट्झ उभं राहायला शिकवतो, दुसरा हसवतो. फॉक्सट्रॉट ऐकायला सोपा, नाचायला महाकठीण. त्यात कोल्हा नाही, ते नाव बहुधा १९१४ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या रंगमंचावर नाचणाऱ्या हॅरी फॉक्सवरून आलं. व्हिएनीज वॉल्ट्झला सध्या हात लावू नका. मिनिटाला १७४ ते १८० ठोके, आणि सतत गरगर.

११. साडी नेसून जमतं का?

नऊवारीत जमेल असं वाटतं, मी करून पाहिलेलं नाही. पाचवारीत मागे पाऊल टाकताना स्वतःच्याच टाचेखाली काठ येतो. गणपतीच्या सुमारास आमच्या क्लासमध्ये ‘पारंपरिक वेश’ दिवस ठेवला होता. तीन साड्यांच्या निऱ्या सुटल्या, त्यातली एक माझी. ओढणी नको, लांब कानातलं नको, मंगळसूत्र आत घाला, घड्याळ आणि बांगड्या काढा. पंजाबी ड्रेस किंवा घोट्याच्या वर राहणारा घेरदार स्कर्ट उत्तम.

१२. बूट विकत घ्यावेच लागतात का?

पहिले दोन-तीन महिने नाही. पण स्पोर्ट्स शूज नकोत: रबरी तळ फरशीला धरतो, शरीर वळतं, गुडघा तिथेच राहतो. कोल्हापुरीही नको, मागे पट्टा नसल्याने मागे जाताना पायातून निघते. मागे पट्टा असलेली, चामड्याच्या तळाची, कमी टाचेची सँडल बघा.

पुढे नाचाचे बूट घेतलेत तर त्यांचा तळ स्वेडचा असतो, म्हणजे खरबरीत मऊ चामडं. ते घालून पावसाळ्यात जिन्यावरसुद्धा उतरू नका. ओला स्वेड वाळला की कडक आणि गुळगुळीत होतो. मग तारेच्या ब्रशने घासून पुन्हा उठवावा लागतो. टाच दोन इंचांपेक्षा जास्त नको, दुकानदार काहीही म्हणो.

१३. सोसायटीच्या हॉलमध्ये चार जणी मिळून करू का? फरशी चालेल?

लाकडी जमीन मुंबईत चैन आहे. टाइल, कोटा, संगमरवर सगळं चालतं, फक्त कोरडं आणि सपाट हवं. फार वेळ उड्यांचे नाच दगडी जमिनीवर नकोत, पोटऱ्या धरतात.

पाय सरकत नाही म्हणून फरशीवर पावडर टाकू नका. आमच्या सोसायटीत एका उत्साही काकांनी कॅरमची बोरिक पावडर हॉलभर शिंपडली. कॅरममध्ये सोंगटीने घसरावं ही अपेक्षा असते. आम्ही दोघी सोंगट्या झालो, आणि नंतर हॉल तीनदा पुसून घ्यावा लागला म्हणून सेक्रेटरींनी आम्हाला पत्र दिलं.

१४. गुडघे दुखतात, बीपीची गोळी चालू आहे. चालेल का? आणि स्मरणशक्तीला चांगलं असतं म्हणे?

गुडघ्यांचं आणि बीपीचं तुमच्या डॉक्टरांना विचारा, आणि विचारताना ‘नाच’ एवढंच न सांगता नाव सांगा. संथ वॉल्ट्झ आणि जाइव्ह यांत चालणं आणि दोरीवरच्या उड्या एवढा फरक आहे.

स्मरणशक्तीबद्दल जे फिरतं त्याचं मूळ २००३ सालच्या एका अभ्यासात आहे. न्यूयॉर्कमधल्या ७५ वर्षांवरच्या ४६९ लोकांचा तो अभ्यास ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. वाचन, पटावरचे खेळ, वाद्यवादन यांच्याबरोबर नाचणाऱ्यांमध्येही स्मृतिभ्रंशाचं प्रमाण कमी दिसलं, आणि शारीरिक हालचालींच्या यादीत तसं दिसलेला नाच हा एकटाच. पण नाचल्यामुळे तसं झालं, की मेंदू धड होता म्हणून ती माणसं नाचत होती, हे अशा अभ्यासातून सिद्ध होत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर हे दुसरं वाक्य गळून पडतं.

१५. क्लास कसा निवडायचा? फी किती असते?

आकडा सांगत नाही, कारण वांद्रे-अंधेरीत एक, दादरला दुसरा आणि ठाण्याला तिसरा. खाजगी शिकवणी गट-बॅचच्या कितीतरी पट महाग पडते, सुरुवातीला तिची गरजही नसते. विचारायचे प्रश्न असे: फी महिन्याची की तासांची? हुकलेला तास दुसऱ्या बॅचमध्ये भरता येतो का? एका बॅचमध्ये माणसं किती? जीएसटी धरून की वर?

एक तास बसून बघू देत नसतील तर पुढे जाऊ नका. मी आधी जिथे गेले होते तिथे वर्षभराची फी आगाऊ घेतली आणि तिसऱ्या महिन्यात शिक्षक बदलले. पैसे परत मागायला सात फेऱ्या घातल्या. बघायचं एवढंच: शिकवणारा नवख्यांबरोबर स्वतः नाचतो का, की आरशात बघून स्वतःच नाचतो?

१६. डोंबिवलीला पोचायला किती वाजतात? पावसात काय?

क्लास ७.३० ते ८.३०, घरी दहा. कुकर सकाळीच. पावसात गाड्या बंद पडतील असं दिसलं की जाऊ नये, वॉल्ट्झ पुढच्या आठवड्यातही तीनच मात्रांचा असतो.

१७. डावखुरी आहे. हात बदलून घेता येतात का?

नाही. सगळ्या जमिनीवर सगळ्यांचा होल्ड एकाच बाजूचा, नाहीतर वळणं एकमेकांत अडकतील. पण आपण इथे हाताने काही करतच नाही, त्यामुळे आठवड्याभरात विसराल.

१८. ‘सोशल’ म्हणजे काय? तिथे कसं वागायचं?

सोशल म्हणजे शिकवणी नसलेली नाचाची संध्याकाळ. तिथे जाणं टाळू नका. क्लासमध्ये जमतं ते तिथे पहिल्यांदा विसरतं, आणि दुसऱ्यांदा खरं येतं.

वॉल्ट्झ, क्विकस्टेप यांसारखे फिरते नाच जमिनीभोवती घड्याळाच्या उलट दिशेने जातात. आपण देवाला प्रदक्षिणा घालतो त्याच्या उलट. माझे पाय पहिल्या सोशलला गाभाऱ्याभोवती निघाले आणि समोरून तीन जोडपी आली. बॉक्स स्टेपच घालायचा असेल तर मधोमध जा, कडेची वाट फिरणाऱ्यांना सोडा. धक्का लागला की चूक कुणाचीही असो, दोघांनीही सॉरी म्हणायचं.

कुणी विचारलं तर नाही म्हणता येतं, कारण द्यावं लागत नाही. पण एकाला ‘दमले’ म्हणून त्याच गाण्यावर दुसऱ्याबरोबर उठू नये. हे लग्नाच्या पंगतीतल्या आग्रहासारखंच आहे.

१९. मुलीच्या लग्नात नाचायचंय, एक महिना आहे. होईल?

एक गाणं, एक बॉक्स स्टेप, एक साधा टर्न आणि शेवटी थांबणं एवढं होईल. थांबण्याचा सराव जास्त करा. फोटो तेव्हाचा येतो. गाणं खरंच तीन मात्रांचं आहे ना ते आधी तपासा. अर्ध्या लोकांनी निवडलेलं गाणं चारचं असतं आणि मग महिनाभर ‘पाय चुकतोय’ म्हणून रडतात. तपासायची रीत प्रश्न ५ मध्ये.

२०. ऑफिसात सांगितलंत का?

लपवलं होतं. मग वर्षअखेरच्या पार्टीला साहेबांनी पाय आपटत काहीतरी सुरू केलं आणि मी सवयीने म्हटलं, ‘‘सर, वजन डाव्यावर घ्या.’’ आता सगळ्यांना माहीत आहे. दोन दिवस चेष्टा झाली, तिसऱ्या दिवसापासून हळूच चौकश्या. ही प्रश्नांची यादी तिथूनच लांबली.

२१. तुमचे मिस्टर मग कधी आले का नाचायला?

नाही. त्यांचं ऑफिस परळला, त्यामुळे क्लासच्या दिवशी दादरला येऊन हॉलच्या दाराबाहेरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर पेपर वाचत बसतात आणि आम्ही बरोबर घरी जातो. दार बंद असतं. तीन वर्षं त्यांनी आत डोकावलेलं नाही, मीही आग्रह केला नाही.

गेल्या महिन्यात रात्री मी ओट्यापुढे वळण घोकत होते. बाहेरच्या खोलीतून, पेपरमधून डोकं न काढता, आवाज आला, ‘‘तिसरा लवकर टाकतेस. तुमचे सर ओरडतात ना रोज.’’

मी म्हटलं, मग उठा, दाखवा कुठे टाकायचा.

ते म्हणाले, ‘‘अगं, दूध.’’

दूध खरंच उतू जात होतं.